पिकअपच्या हौद्यावर आच्छादन कोणते घालावे?

शेतमाल शेतातून निघाल्यापासून बाजारातील काट्यावर चढेपर्यंत शेतकऱ्याच्याच जोखमीवर असतो. वाटेत तो भिजला, मळला, सांडला अथवा तापला, तर त्याचा भुर्दंड गाडीवाल्यास बसत नाही आणि अडत्यासही बसत नाही. असे असूनही बियाणे, खते व औषधे यांची निवड करताना जी चौकसबुद्धी शेतकरी दाखवितो, ती मालावर घालावयाच्या आच्छादनाच्या बाबतीत क्वचितच दिसून येते. गाडी ठरविताना भाडे किती, भरावयास माणसे किती लागतील, पहाटे किती वाजता निघावयाचे, हे सारे बोलून होते. ताडपत्री कोणती, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. गाडीच्या टपावर जी गुंडाळी बांधलेली असेल ती खाली ओढावयाची, कापसावर पसरावयाची, आणि दोर आवळून मार्गस्थ व्हावयाचे. ती गुंडाळी काल सिमेंटवर होती, परवा कोंबडीखतावर होती, की तीन उन्हाळे उन्हात पडून तिचे धागे सुटू लागले आहेत, याची चौकशी होत नाही.

सावनेर तालुक्यापुरते बोलावयाचे तर ही चौकशी इतर भागांपेक्षा अधिक अगत्याची आहे. कोलार नदीच्या काठचे हे गाव मराठी वाचकास राम गणेश गडकरी यांच्या अखेरच्या दिवसांमुळे ठाऊक आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. परंतु परिसरातील शेतकऱ्याच्या लेखी सावनेर म्हणजे प्रथमतः कापसाची पेठ होय. नागपूरहून येणारा रस्ता येथे दुभंगतो. एक फाटा छिंदवाड्याकडे जातो, दुसरा पांढुर्ण्यावरून बैतूलकडे. पश्चिमेस काटोल-नरखेडचा संत्र्याचा पट्टा आहे. नागपूरच्या अंगास कोळशाच्या खाणी आणि खापरखेडा व कोराडी येथील औष्णिक वीज केंद्रे आहेत. म्हणजे एकाच रस्त्यावरून पांढराशुभ्र कापूस, सैल सालीचे नाजूक संत्रे आणि काळा कोळसा हे तिन्ही जातात. कोळशाच्या ट्रकमागून उघड्या कापसाची गाडी पाच-सहा किलोमीटर चालली, तर वरच्या थराचा रंग काय होतो हे सांगावयास नको. कापसाची प्रत ठरविताना रंग पाहिला जातो, आणि कोळशाची भुकटी झटकून जात नाही.

पूर्वी हा प्रश्न इतका बिकट नव्हता. कापूस बंडीतून येई, आणि बंडीच्या चालीने वारा असा लागतच नसे. तरटाचे चवाळे किंवा जुने घोंगडे वर टाकले की काम भागे. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा खरेदी केंद्रांसमोर बंड्यांच्या लांबच लांब रांगा लागत आणि माल उघड्यावर ताटकळे. पण तेव्हाही धोका पावसाचा व दवाचा होता, वेगाचा नव्हता. पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली आली. २००५ मध्ये टाटा एस ही गाडी बाजारात आली व ‘छोटा हत्ती’ या नावाने गावोगाव रुळली. तिच्या मागोमाग दीड टनांच्या आसपास भार वाहणाऱ्या पिकअप गाड्यांनी खेड्यातील मालवाहतूक जवळजवळ ताब्यात घेतली. या गाड्या ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने धावतात. वेग दुप्पट झाला म्हणजे वाऱ्याचा जोर चौपट होतो, हा साधा नियम येथे ध्यानात घ्यावयास हवा. बंडीवर निमूटपणे पडून राहणारे आच्छादन पिकअपवर फडफडते, मालावर घासते, कड्यांतून फाटते, आणि एकदा का त्याचा पुढचा कोपरा सुटला की गोणपाटाच्या पिशवीसारखे फुगून उभे राहते. जुन्या सवयीने नवे वाहन झाकणे म्हणूनच चुकीचे ठरते.

अमेरिकेसारख्या देशांत पिकअपच्या हौद्यास घडीची अथवा गुंडाळून सरकविता येणारी कडक झाकणे बसवितात. अल्युमिनियमच्या पट्ट्यांची किंवा फायबरची ही झाकणे दिसावयास देखणी असतात, कुलूपबंद होतात व पाणी आत शिरू देत नाहीत. तेथे पिकअपचा मालक बहुधा अवजारे, सामानसुमान किंवा थोडीफार पोती हौद्यात ठेवतो. माल हौद्याच्या कडेच्या वर जात नाही. आपल्याकडे कापूस हौद्याच्या फळ्यांवर बांबूचे अथवा जाळीचे कठडे लावून पुरुषभर उंच भरला जातो. त्यावर सपाट झाकण बसणे शक्य नाही, आणि माल कमी भरून झाकण बसविले तर भाडे परवडत नाही. ज्याचा व्यवसाय दूध, भाजीपाला किंवा किराणा पोहोचविण्याचा आहे, त्या गाडीमालकाने अशा झाकणाचा किंवा लोखंडी कमानींवर ताणलेल्या कायम छताचा विचार खुशाल करावा. कापूस, सोयाबीन, तूर व संत्रा अशी हंगामागणिक बदलणारी भरताड करणाऱ्यास मात्र सुटे, घडी घालता येणारे आच्छादनच योग्य होय.

आता आच्छादन न घातल्याने किंवा चुकीचे घातल्याने किती नुकसान होते, याचा हिशेब मांडून पाहणे इष्ट ठरेल. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने लांब धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ८,११० रुपये व मध्यम धाग्याची ७,७१० रुपये ठरविली. ही किंमत ८ टक्के ओलावा असलेल्या कापसाची आहे. ओलावा त्याहून अधिक असेल तर दर टक्क्यामागे किमतीत एक टक्का कपात होते, आणि १२ टक्क्यांच्या पुढे भारतीय कापूस महामंडळ माल घेतच नाही. एका पिकअपमध्ये दहा क्विंटल कापूस गेला असे धरले, तर लांब धाग्याच्या दराने त्याचे ८१,१०० रुपये होतात. तोच कापूस वाटेत एखाद्या सरीने किंवा रात्रभराच्या दवाने सर्दावून ८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला, तर ३,२४४ रुपये कापले जातात. तेराव्या टक्क्याला गाडी परत फिरवावी लागते, किंवा फाटकाबाहेर जो भाव सांगितला जाईल त्या भावाने माल सोडावा लागतो. एका खेपेचे हे आकडे आहेत. हंगामात ज्याच्या चार-पाच खेपा होतात, त्याने पुढचा गुणाकार स्वतः करावा.

यात नवीन भर पडली आहे ती वेळेच्या बंधनाची. २०२५ च्या हंगामापासून कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर शेतकऱ्यांची नोंदणी करून विक्रीची वेळ ठरवून देण्यास आरंभ केला. रांगेत ताटकळणे टळावे हा त्यामागील हेतू चांगला आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की, ठरलेल्या दिवशी आभाळ भरून आले तरी शेतकऱ्यास गाडी काढावी लागते. पूर्वी तो ‘आज नको, परवा जाऊ’ असे म्हणू शके. विदर्भात कापसाच्या हंगामातही अवकाळी पाऊस काही अपूर्व नाही; २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट सर्वांच्या स्मरणात आहे. तेव्हा चांगले आच्छादन ही आता हौस राहिलेली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आच्छादन कापूस कोरडा ठेवते, कोरडा करीत नाही. पहाटे दवात वेचलेला ओला कापूस भरून त्यावर घट्ट प्लॅस्टिक आवळले, तर आतील दमटपणा बाहेर पडत नाही. ढीग आतून तापतो, सरकी खराब होते आणि रुई पिवळसर पडते. वेचणी दव उडाल्यावर करावी आणि माल उन्हात हलवून मगच भरावा. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारण्याची जी खोड काही ठिकाणी आहे, तिला तर कोणतीही ताडपत्री झाकू शकणार नाही. ओलावा मोजणारे यंत्र ढिगात खुपसले की सारे उघडे पडते.

बाजारात मिळणारी आच्छादने मुख्यतः तीन जातींची आहेत. सर्वांत स्वस्त व सर्वत्र आढळणारी म्हणजे निळी, पिवळी वा काळी प्लॅस्टिकची ताडपत्री. उच्च घनतेच्या पॉलिथिनच्या चपट्या फिती विणून त्यावर दोन्ही बाजूंनी पातळ थर चढविलेला असतो. ती हलकी असते, पाणी शोषीत नाही आणि कुजत नाही. दुसरी पीव्हीसीचा लेप दिलेल्या पॉलिएस्टर कापडाची. ती मजबूत, गुळगुळीत व टिकाऊ असते, लांब पल्ल्याचे ट्रकवाले बहुधा हीच वापरतात, परंतु तिची किंमत व वजन दोन्ही अधिक. तिसरी जुनी, सुती कॅनव्हासची, मेण व बुरशीनाशक रसायने पाजलेली हिरवट रंगाची. जहाजांच्या काळात जाड सुती कापडावर डांबर चोपडून जी आच्छादने करीत, त्यांची ही वारसदार. भारतीय मानक संस्थेने यांपैकी विणलेल्या पॉलिथिनच्या ताडपत्रीसाठी आय.एस. ७९०३ आणि कॅनव्हाससाठी आय.एस. २०८९ ही मानके ठरवून दिली आहेत. दुकानात विचारताना या क्रमांकांचा उल्लेख केला तर दुकानदार ग्राहकाकडे निराळ्या नजरेने पाहतो, एवढा तरी लाभ हमखास होतो.

दुकानात हल्ली सर्व व्यवहार ‘जीएसएम’ या एका शब्दावर चालतो. एक चौरस मीटर कापडाचे वजन ग्रॅममध्ये किती, एवढाच त्याचा अर्थ. वजन महत्त्वाचे खरे, पण त्यावरच विसंबणे धोक्याचे आहे. पुनर्वापराच्या प्लॅस्टिकपासून केलेली किंवा खडूची भुकटी मिसळलेली ताडपत्रीही वजनात भरते. उन्हात मात्र ती एका वर्षात ठिसूळ होते. प्लॅस्टिकचा खरा शत्रू पाऊस नसून सूर्यप्रकाशातील अतिनील किरण होत, आणि नागपूरकडील उन्हाळा त्यांना मोकळे रान देतो. अतिनील किरणांस अटकाव करणारे द्रव्य मिसळले आहे किंवा नाही हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून हमी लेखी मागावी व पावती जपून ठेवावी. बाकी पारख हाताने करता येते. ताडपत्री उजेडासमोर धरली असता बारीक छिद्रे दिसू नयेत. कोपरा चुरगाळून नखाने खरवडला असता वरचा थर सुटू नये. कडेच्या शिवणीत दोर घातलेला असावा. कड्या पितळी किंवा अल्युमिनियमच्या, दुहेरी कापडात ठोकलेल्या असाव्यात, आणि दोन कड्यांतील अंतर तीन फुटांहून अधिक नसावे. अनेक ताडपत्र्या कापडात शाबूत असतात, पण कड्या उपटल्यामुळे निकामी होतात.

इतके पाहून झाल्यावर कापसासाठी कोणते आच्छादन घ्यावे याचा निर्णय करावयाचा, तर तो किमतीवर करून चालणार नाही. येथे एका अशा दोषाचा विचार करावा लागतो, जो काट्यावर दिसत नाही. विणलेल्या प्लॅस्टिकची ताडपत्री जुनी झाली म्हणजे तिच्या फिती सुटतात, त्यांचे केसासारखे तंतू होतात, आणि फडफडणाऱ्या आच्छादनातून ते कापसात मिसळतात. खताच्या व पशुखाद्याच्या पोत्यांचे तंतूही असेच मिसळतात. जिनिंगमध्ये हे तंतू निघून जात नाहीत, उलट तुटून त्यांचे शेकडो तुकडे होतात. पुढे ते सुतात कातले जातात, कापडात विणले जातात, आणि कापड रंगविल्यावर उघडकीस येतात. कारण सुतास चढणारा रंग या प्लॅस्टिकला चढत नाही. रंगीत कापडावर पांढऱ्या रेघा उमटतात व तागेच्या तागे नापास होतात. जगातील सूतगिरण्यांच्या पाहण्यांत भारतीय कापसाचे वाण भेसळीच्या बाबतीत वर्षानुवर्षे वाईट गणले गेले, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. २००० मध्ये केंद्र शासनाने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले, त्यामागेही बाजार आवारे व जिनिंग कारखाने यांतील ही घाण कमी करण्याचा उद्देश होता. आवारात सिमेंटचे ओटे झाले, कारखाने सुधारले. पण हौद्यावरची निळी ताडपत्री तशीच राहिली.

ही केवळ गरीब देशाची अडचण आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत यंत्राने वेचलेला कापूस शेतातच रंगीत प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळून त्याचे गोल गठ्ठे करतात. त्या वेष्टनाचे तुकडे रुईत सापडू लागले, तेव्हा २०१८ मध्ये तेथील कृषि खात्यास कापसाच्या वर्गीकरणात प्लॅस्टिकसाठी स्वतंत्र संकेतांक योजावे लागले. यंत्रे कितीही सुधारली तरी कापसाला प्लॅस्टिक लागले की ते धाग्यापर्यंत जाते, असाच याचा अर्थ.

म्हणून कापसाला कापसाचेच आच्छादन असावे. कॅनव्हासचा एखादा तंतू सुटला तरी तो कापूसच आहे. तो रंग घेतो आणि कापडात मिसळून जातो. शिवाय सुती कापडातून थोडी हवा खेळते, ढिगातील दमटपणा कोंडत नाही, आणि जड असल्यामुळे वाऱ्याने फडफडत नाही. कॅनव्हासवर घेतले जाणारे आक्षेपही खोटे नाहीत. तो महाग आहे. भिजला की फार जड होतो. ओला गुंडाळून ठेवला तर त्यास बुरशी लागते. आतून माल टेकलेला असेल तेथून मोठ्या पावसात पाणी झिरपते, हेही खरे. परंतु कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च हा आहे. या काळात सावनेरकडे आषाढासारखी संततधार लागत नाही, येतात त्या अवकाळी सरी आणि दव. त्यांच्यापासून चांगला मेण पाजलेला कॅनव्हास पुरेसे संरक्षण देतो. सप्टेंबरच्या अखेरीस निघणाऱ्या सोयाबीनची गोष्ट निराळी. तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो, माल पोत्यांत असतो, आणि तंतूंचा प्रश्न येत नाही. त्यावर प्लॅस्टिकच घालावे.

आता खरा प्रश्न. बाजारात ओलावा मोजतात, रंग पाहतात. प्लॅस्टिकचे तंतू कोणी मोजीत नाही. स्वच्छ कापूस आणणाऱ्यास आणि निळ्या चिंध्यांसह कापूस आणणाऱ्यास त्याच दिवशी तोच भाव मिळतो. मग शेतकऱ्याने कॅनव्हासचा खर्च का करावा? हा आक्षेप व्यवहारी आहे, आणि त्यास उपदेशाने उत्तर देणे अन्यायाचे होईल. तंतूंचे नुकसान प्रथम जिनिंगवाल्यास व सूतगिरणीस बसते. तेथून ते साऱ्या प्रदेशाच्या कापसाच्या नावावर आणि भावावर उतरते, पण ज्याच्या गाडीतून तंतू गेला त्याच्याच खिशावर नेमके उतरत नाही. तेव्हा शेतकऱ्याने खर्च करावा अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांनी फाटकावर स्वच्छ मालास काही तरी अधिक देण्याची तयारी ठेवली पाहिजे. २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘कस्तुरी कॉटन भारत’ हे नाममुद्रेचे काम हाती घेतले, त्यात रुईच्या गाठीचा माग मागे काढता यावा अशी योजना आहे. हा माग जिनिंगपाशी न थांबता शेतकरी उत्पादक कंपन्यांपर्यंत व त्यांच्या गाड्यांपर्यंत पोहोचला, तर कॅनव्हासची किंमत निघण्यास वेळ लागणार नाही. तोपर्यंत गटाने एकत्र माल विकून स्वच्छतेबद्दल जिनिंगवाल्याशी बोली करणे, एवढाच मार्ग शेतकऱ्याच्या हाती आहे. आणि एकट्याने केलेली बोली कोणी ऐकत नाही.

ज्यास कॅनव्हास आजच परवडत नाही, त्याने निदान दुपदरी आच्छादन करावे. कापसावर प्रथम जाड मांजरपाट किंवा दोसुतीची चादर पसरावी, ती हौद्याच्या कडांत खोचावी, आणि तिच्यावर प्लॅस्टिकची ताडपत्री बांधावी. पाणी ताडपत्री अडवील, तंतू चादर अडवील. येथे घरोघरी एक चूक होते ती टाळावी. चादर म्हणून जुन्या साड्या जोडून वापरतात. परंतु आजच्या बहुतेक जुन्या साड्या पॉलिएस्टरच्या किंवा नायलॉनच्या असतात, आणि त्यांचा तंतू प्लॅस्टिकइतकाच घातक असतो. जुनी धोतरे, सुती पलंगपोस, गोधडीचे खोळ हे चालेल. हौद्याच्या तळाशी अंथरावयासही हाच नियम. सिमेंट किंवा खत वाहून आलेला हौदा झाडून त्यावर सुती कापड घातल्याशिवाय कापूस टाकू नये. दोर नायलॉनचा, कुसें सुटलेला वापरू नये. सुती किंवा काथ्याचा बरा.

संत्र्याचे शास्त्र याच्या जवळजवळ उलट आहे. कापूस हवेतील पाण्यापासून जपावयाचा. संत्रा कोंडलेल्या उष्णतेपासून. तोडलेले फळही श्वास घेत असते व उष्णता बाहेर टाकीत असते. नागपुरी संत्र्याची साल सैल व पातळ. ती दाबाने फुटते आणि उष्म्याने लवकर नरमते. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत निघतात, तेव्हा हवा थंड असल्याने चूक खपून जाते. मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात. त्या वेळी दुपारच्या उन्हात काळ्या ताडपत्रीखाली घट्ट आवळलेला हौदा म्हणजे भट्टीच होय. संत्र्यावर हिरवी शेडनेट जाळी किंवा फिकट रंगाचे सुती कापड कमानीवर ताणावे, बाजूंनी वारा खेळेल इतकी फट ठेवावी, आणि खाली व कडांना वाळल्या गवताचा थर द्यावा. क्रेटमध्ये भरलेल्या मालास हे अधिक सोपे जाते, कारण वरच्या फळांवर आच्छादनाचा भार येत नाही. पावसाची शक्यता दिसल्यास ताडपत्री जवळ गुंडाळून ठेवावी व सर आली तरच ओढावी. पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी कळमन्याच्या बाजारात पोहोचणे हे कोणत्याही कापडापेक्षा चांगले आच्छादन आहे.

आच्छादनाचे माप घेताना बहुतेक जण हौद्याची लांबी-रुंदी सांगतात व आखूड ताडपत्री घेऊन येतात. माप मालाच्या उंचीवरून काढावयाचे असते. हौदा नऊ फूट लांब व साडेपाच फूट रुंद आहे, माल फळ्यांच्या वर तीन फूट जातो आणि आच्छादन फळ्यांच्या खाली दीड फूट उतरावे, असे धरले तर प्रत्येक बाजूस साडेचार फूट हवेत. म्हणजे लांबी अठरा फूट व रुंदी साडेचौदा. बाजारातील मापाने अठरा बाय पंधरा. हे क्षेत्र सुमारे पंचवीस चौरस मीटर होते. दोनशे जीएसएमची प्लॅस्टिक ताडपत्री घेतली तर तिचे वजन पाच किलो भरेल, पाचशे जीएसएमचा कॅनव्हास घेतला तर साडेबारा किलो. दोन माणसांस तो सहज चढविता येतो.

माल मध्यभागी उंच व कडांना उतरता भरावा, नपेक्षा दोन-तीन बांबूच्या कमानी घालाव्यात. सपाट किंवा मध्ये खोलगट आच्छादनावर पाणी साचते, आणि ते किती साचते याची कल्पना सहसा नसते. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी टाकतो. पावणेतीन मीटर लांब व पावणेदोन मीटर रुंद हौद्यावर वीस मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे शहाण्णव लिटर पाणी होते. हा अर्धा पिंप भार एका खळग्यात जमला की कोणतीही शिवण टिकत नाही. बांधताना कोपऱ्यांच्या घड्या मागच्या दिशेस वळवाव्यात, म्हणजे धावत्या गाडीचा वारा त्या दाबून धरतो. पुढे वळविल्या तर वारा आत शिरतो. दोन तुकडे वापरावयाचे झाल्यास मागचा आधी घालावा व पुढच्याची कड त्यावर चढवावी, कौलांप्रमाणे. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून दोर पुन्हा आवळावा. कापूस धक्क्यांनी दबतो आणि घरून घट्ट बांधलेला दोर तेवढ्यात सैल पडलेला असतो.

दोरावरच्या भरवशाने माल बाहेर काढू नये. फळ्यांच्या बाहेर, मागे किंवा मंजूर उंचीच्या वर माल गेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०१९ च्या दुरुस्तीपासून वीस हजार रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. दहा क्विंटलांच्या एका खेपेचा चौथा हिस्सा त्यात जातो. त्याहूनही गंभीर गोष्ट म्हणजे आच्छादनावर माणसे बसविणे. वेचणीच्या बाया व हमाल परतीच्या वा जाण्याच्या वाटेवर उंच भरलेल्या कापसावर बसलेले दिसतात. कापूस मऊ आहे, ताडपत्री घसरडी आहे, आणि धरावयास फक्त दोर आहे. अचानक ब्रेक लागला तर काय होईल हे कोणासही कळते. तरी दुसऱ्या गाडीचे भाडे वाचते म्हणून हे चालू राहते. ‘आच्छादन घट्ट बसावे म्हणून वर दोन माणसे बसवली’ असेही सांगण्यात येते. जे आच्छादन माणसांच्या वजनाशिवाय बसत नाही ते चुकीच्या मापाचे आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. तसेच हौद्यापाशी विडी ओढू देऊ नये. ठिणगी कॅनव्हासखाली तासभर धुमसत राहते व वेगाच्या वाऱ्याने पेटते.

यापैकी बराच भाग ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांच्या हाती आहे. काही जिल्हा परिषदा आपल्या निधीतून शेतकऱ्यांस ताडपत्रीसाठी अनुदान देतात. हे अनुदान खळ्यावरील धान्य झाकण्याच्या हेतूने दिलेले असते आणि त्या कामी प्लॅस्टिक ठीकच आहे. परंतु कापसाच्या गावात त्याच रकमेत सुती कॅनव्हासचा पर्याय ठेवावा, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरावयास हवा. दुसरे असे की, प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःचे आच्छादन घेण्याची आवश्यकता नाही. हंगामात एका शेतकऱ्यास ते चार-पाच दिवस लागते आणि उरलेले दिवस उंदरांच्या उपयोगी पडते. बचत गटाने किंवा शेतकरी गटाने अठरा बाय पंधराचे दोन कॅनव्हास घेऊन खेपेमागे माफक भाडे लावले, तर गाव त्यात भागते. गाडीवाल्याची ताडपत्री गाडीवाल्याजवळच राहू द्यावी. ती सिमेंटसाठी आहे. आच्छादन मालाबरोबर यावे आणि काट्यावरून शेतकऱ्याबरोबर परत जावे, ही रीत एकदा पडली म्हणजे भाडे ठरवितानाचा निम्मा वाद मिटतो.

हंगाम संपल्यावर कॅनव्हास दोन्ही बाजूंनी उन्हात वाळवावा, झाडून घ्यावा, पण साबणाने अथवा सोड्याने धुऊ नये. त्याने मेण निघून जाते व पाणी अडेनासे होते. डिझेलचा डाग पडला असल्यास कोरड्या मातीने टिपून घ्यावा. फाटले असेल तेथे सुती दोऱ्याने ठिगळ लावावे, कड्या तपासाव्यात, आणि गुंडाळी जमिनीवर न ठेवता आढ्यास दोन दोरांनी टांगावी. ऑगस्टमध्ये ती एकदा खाली काढून उलगडून पाहावी, म्हणजे दुरुस्ती लागलीच तर वेचणीपूर्वी महिनाभराचा अवधी हाती राहतो.